पाच ट्रॅक तयार आहेत म्हणून पाचही रेकॉर्डवर घालायचे का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातला एक मुलगा पहिलीच बारा इंची विनाइल रेकॉर्ड काढतोय, ३०० प्रती, क्लबसाठीचे पाच ट्रॅक तयार आहेत, ७:२०, ६:४०, ६:१०, ५:५० आणि ५:०५, सगळे १२८ ते १३४ बीपीएममधले, म्हणजे मिनिटाला तेवढे ठोके. मित्रांचं म्हणणं की एवढं शिपिंग भरून माणूस रेकॉर्ड मागवणार तर पाचही दे, पैसे वसूल वाटले पाहिजेत. प्रेसिंगवाल्यांनी, म्हणजे रेकॉर्ड छापणाऱ्यांनी, मेलवर कळवलंय की एका बाजूला अठरा मिनिटांपर्यंत बसतं. तर पाच घालू की दोनच? ताई म्हणून विचारलंयस तर मी पण सरळ अरेतुरेच करते.

पाच नको. तीन घाल, एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दोन. का ते खाली लिहितेय, जरा लांबेल, पण मी गेली सतरा वर्षं बर्लिनमध्ये लॅकर कटिंगचं काम करतेय, म्हणजे ज्या मूळ तबकडीवरून रेकॉर्ड छापतात तिच्यावर खाच कोरायचं, आणि दर महिन्याला कुणीतरी हाच प्रश्न घेऊन येतं, म्हणून एकदाच नीट सांगून टाकते.

पहिलं म्हणजे ते "बसतं" डोक्यातून काढ. लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा पण बसतो की, पण कसा बसतो ते आपल्याला माहितीय. प्रेसिंगवाला खोटं नाही बोलत, अठराच काय बावीस मिनिटं पण बसतात, घरी ऐकायच्या एलपीवर बसवलेली असतातच. त्याला विचारायचा प्रश्न वेगळा आहे: एवढी मिनिटं घातल्यावर माझा किक, म्हणजे तो खालचा धपधप ठोका, किती जोरात कट होईल?

आता हिशोब बघ, मी दरवेळी कागदावर करून दाखवते. बारा इंचीवर म्युझिकला जागा किती, तर बाहेरच्या कडेपासून आत लेबलच्या अलीकडेपर्यंत साधारण ८६ मिलिमीटरचा पट्टा. बस, तेवढीच जमीन, आणि तिच्यावर म्युझिकची एकच सलग खाच, म्हणजे ग्रूव्ह, बाहेरून आत फेरे घेत जाते. ३३ च्या स्पीडला, म्हणजे मिनिटाला साधारण ३३ फेरे, तुझे पाचही ट्रॅक दोन बाजूंना सारखे वाटले तर साडेपंधरा मिनिटं एका बाजूला, म्हणजे ५१७ फेरे, म्हणजे एका फेऱ्याच्या वाट्याला ०.१७ मिलिमीटर पण पूर्ण येत नाही. त्याऐवजी फक्त ७:२० चा ट्रॅक एका बाजूला घेतलास आणि स्पीड ४५ ठेवलास तर ३३० फेरे, प्रत्येकाला ०.२६ मिलिमीटर. त्यातून खाचेची स्वतःची रुंदी आणि मधली भिंत मिळून ०.०६ वजा कर, ती काही सुटत नाही, ती द्यावीच लागते. ग्रूव्ह जेवढा जास्त हलतो तेवढा आवाज मोठा, मग त्याला डावी-उजवीकडे हलायला उरलं काय, एकीकडे ०.१० आणि दुसरीकडे ०.२०. दुप्पट. दुप्पट हलायला जागा म्हणजे कागदावर सहा डेसिबल, प्रत्यक्ष कामात त्याहून थोडं कमी पदरात पडतं, पण क्लबमध्ये तीन डेसिबलचा फरक सुद्धा डीजेच्या हाताला लगेच कळतो.

माझे वडील वाळव्याकडचे ऊसवाले. आमच्याकडे पूर्वी तीन फुटी सरी असायची, सगळं गाव तसंच लावायचं, आणि वडिलांनी पहिल्यांदा साडेचार फुटी पाडली तेव्हा चुलते म्हणाले की एवढी जमीन मोकळी सोडतोस, डोकं फिरलंय का. ऊस मोजला तर कमी भरला. पण जाडी, पेऱ्याची लांबी, वजन, सगळं वेगळं होतं, हवा आणि ऊन आतपर्यंत पोचत होतं. मायक्रोस्कोपखाली पहिल्यांदा ग्रूव्ह बघितले तेव्हा मला त्या सऱ्याच आठवल्या, आणि आजही कुणी सतरा मिनिटांची टेक्नोची साइड आणून दिली की मला ते तीन फुटी रान दिसतं.

जागा खातो तो बास. वरच्या आवाजांना फार जागा लागत नाही, खालच्यांना लागते, खाच लांबलांब झोके घेते. म्हणून तर कट करताना बास मुद्दाम खाली दाबतात आणि वरचे आवाज चढवतात, आणि वाजवताना फोनो प्रीअॅम्प ते उलटं करून देतो, हा आरआयएए कर्व्ह १९५४ पासून सगळ्यांनी धरलाय, २० हर्ट्झला जवळजवळ २० डेसिबलची कपात आहे. एवढी कपात करूनसुद्धा बासच सगळ्यात जास्त रुंदी मागतो. आणि डान्स म्युझिक म्हणजे काय रे, बासच ना.

इथे लोक म्हणतात की आधुनिक लेथ, म्हणजे खाच कोरणारं मशीन, तर व्हेरिएबल पिच करतो, शांत जागा आली की ग्रूव्ह जवळ आणतो, मोठा आवाज आला की लांब सारतो, मग काय अडचण. बरोबर आहे, ख्याल किंवा सिंफनी कट करत असशील तर त्याने खूप जागा वाचते, कारण त्यात शांत जागा असतात. तुझ्या ट्रॅकमध्ये शांत जागा कुठंय? १३० बीपीएमला दर ०.४६ सेकंदाला किक, साडेसात मिनिटं, मध्ये एखादा ब्रेकडाउन, म्हणजे किक थांबते तो भाग, सोडला तर लेथला श्वास घ्यायला वेळच नाही. मशीन हुशार आहे पण वाचवायला काही असेल तर वाचवेल.

एक करून बघ. हातातली कुठलीही टेक्नोची रेकॉर्ड दिव्याखाली तिरकी धर. किकचे चट्टे दिसतील, सायकलच्या आऱ्यांसारखे, मधून बाहेर गेलेले. ३३ च्या स्पीडला एक फेरा १.८ सेकंदाचा, म्हणजे ट्रॅक बरोबर १३३.३३ बीपीएमचा असेल तर एका फेऱ्यात चार किक नेमके बसतात आणि ते आरे अगदी सरळ दिसतात, टेम्पो थोडा इकडेतिकडे असला की वळत जातात, भोवऱ्यासारखे. ब्रेकडाउन आला की तो पट्टा गुळगुळीत, जास्त काळा. जुने डीजे हे बघूनच सुई कुठे ठेवायची ते ठरवतात. आता दाटीवाटीने भरलेली रेकॉर्ड घेऊन तेच कर, ते आरे फिके दिसतील, नुसता करडा रंग पसरल्यासारखा. मी तर हल्ली दुकानात रेकॉर्ड ऐकायच्या आधी बघते.

हे बारा इंची प्रकरण जन्मालाच आलं ते जागेच्या मोकळेपणातून. न्यू यॉर्क, सत्तरच्या दशकाचा मध्य. डिस्को गाणी मिक्स करणाऱ्या टॉम मोल्टनला एक टेस्ट डिस्क कापून हवी होती, इंजिनीअर होसे रॉड्रिगेझकडे सात इंची ब्लँक संपल्या होत्या म्हणून त्याने दहा इंचीवर कापली. एवढ्या मोठ्या तबकडीवर ग्रूव्हचा एवढासा पट्टा बघून मोल्टनला ते कसंतरीच वाटलं, तो म्हणाला पसरव की. पसरवलं, लेव्हल चढवली, आणि जो आवाज आला तो त्यांनी आधी ऐकलाच नव्हता. हा किस्सा मोल्टनने स्वतः सांगितलेला आहे. मग १९७६ ला सालसोल लेबलने डबल एक्स्पोजरचं 'टेन परसेंट' दुकानात विकायला काढलं, वॉल्टर गिबन्सचा मिक्स, नऊ मिनिटांच्या वर, एका बाजूला एकच गाणं. दुकानात विकलेली ती पहिली बारा इंची सिंगल धरतात. म्हणजे मोठी रेकॉर्ड घ्यायची आणि तिच्यावर कमी म्युझिक घालायचं, हाच या फॉर्मॅटचा पाया आहे. तू तिच्यावर पाच ट्रॅक घालणार म्हणजे ती परत एलपीच झाली, फक्त नाव बारा इंची.

आमच्या बर्लिनमध्ये बेसिक चॅनेल या टेक्नो जोडीच्या १९९३ पासूनच्या रेकॉर्ड बघ, मोरिट्झ फॉन ओस्वाल्ड आणि मार्क एर्नेस्टस. कितीतरी साइडवर एकच लांब ट्रॅक. त्यांना कटिंगचं एवढं महत्त्व वाटत होतं की १९९५ ला इथे डबप्लेट्स अँड मास्टरिंग हा कटिंग स्टुडिओ उभा राहिला तो याच मंडळींच्या वर्तुळातून. ट्रॅक कमी देऊन त्यांनी गिऱ्हाईक फसवलं असं आजवर कुणी म्हटलेलं मी ऐकलं नाही.

आता दुसरी गोष्ट, आतल्या ग्रूव्हची. रेकॉर्ड फिरते एकाच गतीने पण सुईखालून जाणारी लांबी बाहेर जास्त आणि आत कमी. ३३ ला बाहेरच्या कडेला सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर ग्रूव्ह सुईखालून जातो, शेवटाला २१. निम्म्याहून कमी. तेवढ्याच हायहॅट, म्हणजे त्या झांजेसारख्या चिकचिक, तेवढीच गाण्यातली "स" आणि "श", आता निम्म्या लांबीत कोरायची. मग तिथे हायहॅट खरखरते, व्होकल थुंकल्यासारखं येतं. म्हणजे तू जो चौथा आणि पाचवा ट्रॅक फुकट देतोयस असं वाटतंय ना, तो तू सगळ्यात वाईट जागी देतोयस, आणि तो तिथे बसावा म्हणून पहिल्या ट्रॅकची लेव्हल पण खाली आणतोयस. ४५ ला हाच वेग ३५ टक्क्यांनी वाढतो, बाहेर ६९ च्या आसपास, आत २८. म्हणून ट्रॅक आठ-नऊ मिनिटांच्या आत असेल आणि एकटाच असेल तर मी डोळे झाकून ४५ म्हणते.

माझ्याकडून एकदा चूक झालीय ती पण सांगते, कारण त्या दिवशी मी नाही म्हणायला हवं होतं. कामाला लागून तीनचार वर्षं झाली होती, एक मुलगा आला, चार ट्रॅक, दोन्ही बाजूंना सतरा-सतरा मिनिटं. त्यातला पहिला ट्रॅक असा होता की स्टुडिओत मॉनिटरवर लावला तेव्हा माझ्या मानेवर काटा आला. मी म्हटलं हा एकटा टाक, तो म्हणाला पैसे एकदाच आहेत, सगळे घे. घेतले. लॅकर फिरायला लागला, माणिकाची सुई खाली उतरली, केसासारखी बारीक काळी कात निघून सक्शनच्या नळीतून जायला लागली, तो नेलपॉलिशसारखा वास, आणि मायक्रोस्कोपमध्ये मला दिसत होतं की किकच्या जागी खाच हलतेय पण मोकळी हलत नाहीये, मी तिला धरून ठेवलंय. एकदा सुई उतरली की ती साइड संपेपर्यंत थांबता येत नाही, मध्येच बदलता येत नाही, सतरा मिनिटं तसंच बसून बघितलं. सहा महिन्यांनी एका क्लबमध्ये तोच ट्रॅक कानावर आला. आधीच्या रेकॉर्डवरून मिक्स करताना डीजेने गेन, म्हणजे मिक्सरवर त्या रेकॉर्डचा आवाज, चढवला, परत चढवला, फेडर वर, आणि तेवढ्यात सबमधून, म्हणजे खालच्या बासच्या मोठ्या स्पीकरमधून, गुरगुर सुरू झाली, कारण आवाज कमी असलेल्या रेकॉर्डचा गेन एवढा वाढवला की टर्नटेबल खोलीतलाच बास उचलतो. त्याने मिनिटभरात दुसरी रेकॉर्ड लावली. तो ट्रॅक नंतर मी कुठेच ऐकला नाही. बाकीचे तीन तर कुणी वाजवलेच नसतील. तो मुलगा चांगला होता, ट्रॅक तर फारच चांगला होता, आणि त्या तीन मधल्या-मधल्या ट्रॅकनी त्याच्या तोंडचा घास काढून घेतला.

तर जास्त ट्रॅक कधीच नको का? असं पण नाही. लूप आणि डीजे टूल असतील तर हवे तेवढे घे, डेट्रॉइटच्या टेक्नोवाल्या जेफ मिल्सने १९९४ च्या 'सायकल ३०' वर लॉक ग्रूव्ह घातलेत, म्हणजे स्वतःलाच येऊन मिळणारी खाच, एक फेरा म्हणजे एक लूप, त्याला जागाच लागत नाही. दोन-तीन मिनिटांचे बीट असतील तरी चार-पाच आरामात बसतात. आणि घरी ऐकायचं म्युझिक असेल तर हिशोबच वेगळा. आपल्या मुंबईच्या चरणजित सिंगांची १९८२ ला रेकॉर्ड केलेली दहा रागांची डिस्को एलपी घे, एचएमव्हीने काढलेली, टीबी-३०३ हा बास सिंथ आणि टीआर-८०८ हे ड्रम मशीन वापरून. दहा राग, प्रत्येकी पाचेक मिनिटं, म्हणजे एका बाजूला पंचवीसच्या आसपास, एका फेऱ्याच्या वाट्याला जेमतेम ०.१० मिलिमीटर. आज कुणी ८०८ चा किक एवढ्या दाटीत कट करायला सांगितला तर मी हात जोडेन. पण ती रेकॉर्ड दिवाणखान्यात ऐकायला निघाली होती, कुणी ती क्लबमध्ये लावणार नव्हतं, आणि दहा वेगवेगळे राग हीच तर तिची मजा. तिथे दहाच्या जागी दोन राग घातले असते तर काहीच अर्थ नव्हता. म्हणजे प्रश्न नुसता आकड्याचा नाही, ती रेकॉर्ड कुठे वाजणार आहे हा आहे. गोव्यातली मंडळी तर नव्वदच्या दशकात डॅटवर, म्हणजे डिजिटल टेपवर, वाजवायची, ऊन आणि धुळीत विनाइलचा टिकाव लागला नसता, आणि टेपला जागेची काळजी नव्हती म्हणून ट्रॅक खुशाल आठ-नऊ मिनिटांचे. तेच ट्रॅक नंतर बारा इंचीवर यायचे तेव्हा एका बाजूला एकच ट्रॅक परवडायचा.

तुझे ट्रॅक क्लबसाठी आहेत हे तू स्वतःच लिहिलंयस, म्हणून मी एवढी अडून बसलेय.

पैसे वसूल हा मुद्दा उरला. लॅकर, प्लेटिंग, स्टँपर म्हणजे छापायचा साचा, हा सगळा खर्च दोन ट्रॅकला आणि पाच ट्रॅकला सारखाच, त्यामुळे मित्रांना वाटतंय की जागा वाया चाललीय. पण घेणारा माणूस मिनिटं मोजून घेत नाही. डीजे ऐंशी रेकॉर्ड घेऊन निघतो म्हणजे पंधरा किलोच्या वर ओझं खांद्यावर, आणि प्रत्येक रेकॉर्ड बॅगेत जाते ती तिच्यावरच्या एका ट्रॅकसाठी, फार तर दोन. तो एक ट्रॅक असा पाहिजे की तिला घरी ठेवताना हात अडखळला पाहिजे. उरलेले दोन ट्रॅक डिजिटलवर टाक, रेकॉर्डसोबत डाउनलोड कोड दे, ज्याला पाच हवेत त्याला पाच मिळतील. डबल पॅकचा विचार मात्र पहिल्याच रिलीजला करू नको, दुसरी तबकडी आली की लॅकरपासून शिपिंगपर्यंत सगळंच जवळपास दुप्पट होतं. आणि १८० ग्रॅमच्या मागे पण लागू नको, जाड प्लास्टिकने ग्रूव्ह रुंद होत नाही, ते पैसे टेस्ट प्रेसिंग, म्हणजे आधी छापून येणारी नमुन्याची प्रत, नीट ऐकण्यात घाल.

कुठले तीन ते मी नाही ठरवणार, पण एक सांगते. पाचही ट्रॅक महिनाभर उघडू नकोस. मग एक दिवस इतरांच्या रेकॉर्डबरोबर मिक्स करत सेट वाजव आणि कुठल्या ट्रॅककडे हात आपोआप जातो ते बघ. जो ट्रॅक लावताना "हा पण बरा आहे" असं मनात येतं तो गाळायचा. "पण" आला की गेला.

समजा ७:२० वाला तुझा मुख्य आहे, लांबीवरून मला तसं वाटतंय. तो ए साइडला एकटा, ४५ वर. बी साइडला ६:१० आणि ५:०५, मिळून सव्वाअकरा मिनिटं, ३३ वर, ३७५ फेरे, ०.२३ मिलिमीटर, चांगली मोकळी जागा आहे. दोन बाजूंना दोन स्पीड चालतात, डान्समध्ये सर्रास असतं, फक्त लेबलवर ठळक लिही. बी साइडला जो जास्त चमकणारा, हायहॅट किंवा व्होकलवाला, तो बाहेर, आणि जो खोल, डबसारखा, कमी कटकटीचा तो आत. बी-२ ला कमी लेखू नकोस, कितीतरी लोक रेकॉर्ड त्याच्यासाठी जपून ठेवतात, पण तिथे तो ट्रॅक तिथला म्हणून ठेवलेला असला पाहिजे, उरला म्हणून नाही.

ट्रॅक लांब वाटत असेल तर मधून काप, सुरुवात आणि शेवट कापू नकोस. १२८ बीपीएमला ३२ बार म्हणजे बरोबर एक मिनिट, ते मिनिट डीजेला मिक्स करायला लागतंच. दुसऱ्या ब्रेकडाउनमधून चाळीस सेकंद गेले तर कुणाला कळणार पण नाही.

फाइल पाठवताना २४ बिटच्या वेव्ह पाठव, लिमिटर काढून. स्ट्रीमिंगसाठी चेपून ठेवलेला मास्टर पाठवलास तर रेकॉर्ड जोरात होत नाही, लेव्हल किती ते ग्रूव्हची जागा ठरवते, चेपल्याने फक्त किकचं टोक जातं. १२० हर्ट्झच्या खालचं सगळं मोनो कर, तिथे स्टिरिओ आणि त्यातून फेज उलटा असला की खाच खाली-वर व्हायला लागते आणि सुई उडते. मला कुणी तसा ट्रॅक दिला तर मी ते इथे करूनच घेते, पण तू स्वतः केलंस तर तुझ्या कानाने होईल.

टेस्ट प्रेसिंग आली की घरच्या चांगल्या सिस्टिमवर ऐकून समाधान मानू नकोस. ओळखीच्या एखाद्या ठिकाणी, जिथे खरे सब आहेत, दुपारी क्लब रिकामा असताना जा, तुला आवडणाऱ्या दोन रेकॉर्ड बरोबर ने, त्यांच्या मध्ये तुझी लाव आणि गेनला हात लावू नकोस. तिन्ही एका उंचीवर वाजल्या तर मला ए साइडच्या शेवटच्या मिनिटाचा फोटो पाठव, दिव्याखाली तिरकी धरून काढलेला.